मोरी क्रमांक चौदा

मोरीच्या तोंडाशी बेशरमीचं बेट उभं आहे,
फिकट जांभळे कर्णे वर करून,
वरातीत उशिरा पोचलेल्या बँडसारखं.
गगनबावड्याला निघालेले गाडी थांबवून फोटो काढतात.
काढू देत. त्यांना कुठं ठाऊक,
हे आम्हीच पेरलंय.

मी मैलकुली. मैल कधीच गेले,
कुली तेवढा राहिला.
बालिंग्यापासून पुढचे सहा किलोमीटर माझे:
दोन्ही बाजूंची गटारं, अकरा मोऱ्या, एक ओढा.

गेल्या साली बकेटनं ओरबाडलं सगळं,
तेव्हा ट्रॉली भरून बाळकू तराळ म्हणाला,
"टाक की रं ओढ्यात. पानी नेतंय."
पाण्यानं नेलं.
आणि जिथं जिथं दमून ठेवलं,
तिथं तिथं कांडीनं पेरापेराला मूळ सोडलं.
आम्ही एक बेट काढलं होतं,
पाण्यानं सतरा मोजून परत दिली.

यंदा म्हणून कुदळ.
बुडख्यासकट उपटायचं, चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही,
तुकडा न तुकडा पोत्यात,
आणि वर, डांबराच्या कडेला, मुळं आभाळाकडं करून
पंधरा दिवस उन्हाच्या हवाली.
गाजरगवताला तर फुलायच्या आधीच गाठायचं;
साइडपट्टीच्या मुरुमातनं आलेलं ते,
आता माझ्या कोपरावर खाजेनं सही करतं.

गैबीसाब मुल्लाणी जेसीबी घेऊन आला
सांगरूळ फाट्यावरनं, दातांत तिकडचा चिखल घेऊन.
म्हटलं, आधी बकेट धू.
"तासावर मीटर पडतंय भावा,
आन् तू मशीनला आंघोळ घालतोस?"
मी नखानं चिखल खरवडून तळहातावर पसरला.
मोहरीहून बारीक, काळं काळं बी.
त्यानं चष्मा वर केला, खाली केला,
मग काही न बोलता टँकरचा पाइप ओढला.

वाळ्याचे चार थोंब मी राखले. काठ त्यांनीच धरलाय.
एक निर्गुडी, आणि मोरीच्या भिंतीतली
ती नाव न माहीत असलेली नाजूक वेल,
जिच्यावर दरसाल पिवळी फुलपाखरं येतात.
संध्याकाळी मॅडमनी मापपुस्तक उघडलं:
लांबी, रुंदी, खोली, काढलेला गाळ घनमीटरमध्ये.
म्हटलं, राखलेलं कुठं लिहायचं?
त्यांनी पान उलटलं, पुन्हा मागं आल्या.
"तसा रकाना नाही हो."
पेन मात्र बराच वेळ उघडंच होतं.

घरी खिसा झटकला तर एक कांडी निघाली,
टोकाला मिटायला आलेलं फूल.
बायको म्हणाली, "इतक्या वर्सांनी फूल आणलं,
ते बी बेशरमीचं."
हसता हसता विसरलो.
पोरीनं ती उचलून पाण्याच्या तांब्यात ठेवली,
देवळीत, तिच्या पेन्सिलींच्या शेजारी.

चौथ्या दिवशी ती ओरडतच आली,
"बाबा, जगलं!"
पेराला पांढरं मूळ, केसाएवढं,
पाण्यात उजेड चाचपडत होतं.

कामाची वेळ झाली होती.
एका हातात डबा घेतला.
दुसरा तांब्याकडं नेला,
आणि पोरगी
माझ्या हाताकडं बघत राहिली.