भूल

मी लोकांना भूल देते. हा माझा धंदा.
बेळगावात, तिसऱ्या मजल्यावर, हिरव्या पडद्याआड
वजन विचारते, शेवटचं कधी जेवलात विचारते,
मग म्हणते, दहापासून उलटे मोजा.
सातच्या खाली सहसा कुणी उतरत नाही.

पण पहिली भूल पाहिली ती धुराची.
निपाणीच्या अलीकडं, वेदगंगेकाठच्या गावात,
मोहरमच्या नवव्या रात्री
दस्तगीर मुजावर निखाऱ्यांवर ऊद सोडायचा,
आमटीत मीठ टाकावं तसा, चिमटीनं, बेतानं.
साळईच्या डिंकाचे पिवळे खडे,
ढेपेखाली उरलेल्या गुळाच्या चुऱ्यासारखे.
आधी तडतड. मग वास:
लिंबाची साल, ओलं लाकूड, आणि त्यामागून काहीतरी
ज्याचं नाव मला अजून सापडलेलं नाही.

आणि माझे वडील, तातोबा,
तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं काट्याशेजारी उभे,
घरात छटाक-छटाक बोलणारे,
पीर खांद्यावर घेऊन त्या धुरात तोंड घालायचे.
मान ढिली पडायची. डोळे अर्धे.
ताशा थांबायचा,
आणि त्यांच्यातून कुणीतरी बोलायचं. कानडीत.

एरवी त्यांना कानडी येत नव्हती.
बाजारापुरते आकडे, ओंद, एरड, मूर,
आणि दोन शिव्या.
पाटीवरच्या अक्षरांवरून माणसं एकमेकांच्या अंगावर जायची
तेव्हा ते चष्मा पुसत बसायचे.

निंगव्वा दर वर्षी यायची, पदराखाली चोंगे घेऊन.
प्रश्न एकच: मगळु बरताळेन्री?
पोरगी येईल का?
पीर म्हणायचा, बरताळ.
येईल.
मोरपिसांखाली ती डोकं वाकवायची,
राखेची चिमूट कागदात बांधून न्यायची
आणि वर्षभर पुरवायची.

मी नववीत होते. ट्रंकेत शाळेचा दाखला शोधताना
कार्ड हाताला लागलं, इचलकरंजीचं, वडिलांच्या नावे.
निंगव्वाची सत्यव्वा बाळंतपणात गेली.
म्हातारीला जरा सांभाळून सांगा.
त्यावरून सहा मोहरम उलटले होते.
कार्ड पालथं होतं. मी पालथंच ठेवलं.
त्या वर्षीही ते म्हणाले, बरताळ,
आणि मी गर्दीत उभी राहून त्यांच्या पायांकडं बघत होते,
टाचा जमिनीवर टेकल्यात का ते.
धुरात दिसलं नाही.

पुढं शिकताना कुठल्याशा लेखात वाचलं:
या झाडाच्या डिंकात असं काही असतं
की पिंजऱ्यातला उंदीर
उघड्या फळीवर यायला कमी भितो.
मला उंदीर दिसला नाही.
मला प्रश्न पडला, त्या रात्री भीती उतरायची ती कुणाची?
विचारणारीची,
की ज्याला सांगायचं होतं त्याची?

परवा त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन.
आपल्या माणसाला आपण भूल देऊ नये म्हणतात.
मी दिली.
मास्क नाकाशी नेला तर हुंगून म्हणाले,
ह्याला वासच नाही की गं.
मग म्हणाले, ऊद टाक जरा.
सिस्टर हसल्या. मी म्हटलं, मोजा अप्पा.
दहा, नऊ, आठ,
सात, सहा.
पाचापर्यंत गेले. काट्यावरचा माणूस.

तासाभरानं हाक मारली.
मान ढिली. डोळे अर्धे. जीभ जड.
म्हटलं, अप्पा, झालं सगळं.
ते माझ्या पलीकडं, सलाइनच्या खांबाकडं बघत म्हणाले,
बरताळ.

निंगव्वा जाऊन चौदा वर्षं झाली.
कोण येईल अप्पा, मी विचारलं,
आधी मराठीत, मग येईल तशा कानडीत.
ते घोरायला लागले.

तक्त्यावर लिहिलं: शुद्धीवर. बोलतात.
कुठल्या भाषेत, त्याला रकाना नसतो.
हातमोजे काढले, हात धुतले.
तळव्याला कसलाच वास नव्हता.
तरी दोनदा हुंगून पाहिला.