सेकंड माल

श्रावंतीनं तिकिटं पाठवली तेव्हा
राजमणीनं आधी विचारलं, तिथं ऊन असतं का.
असतं म्हटल्यावर म्हणाली, मग एवढ्या लांब कशाला,
ऊन काय सोलापुरात कमी आहे?

तरी गेलो. तीन विमानं, दोन रात्री.
पोरगी तिथं हिशेब बघते, म्हणून स्टाफच्या भावात
चार दिवस, समुद्राला लागून खोली.
एकानं मनगटावर निळी पट्टी बांधली,
हसून सांगितलं, आता काहीही मागा.
काहीही मागायची सवय कुठून आणायची?
मी पाणी मागितलं.

पलंगावर टॉवेलचे दोन राजहंस, चोचीला चोच लावून.
राजमणी लाजली. मी चष्मा लावला.
एकाची मान सोडवली, पंख उलगडले,
किनार चिमटीत धरून खिडकीशी नेली.
एकतीस वर्षं जॉबर होतो अक्कलकोट रोडला,
बोटांना दुसरं काही वाचता येत नाही.
लूप एकसारखे. गाठ नाही, तुटका धागा नाही.
लेबल होतं, पण धुऊन धुऊन पांढरं पडलेलं.
कुणाचा माल, कळलं नाही.

आमच्या घरी पास झालेला टॉवेल कधी आला नाही.
यायचा तो सेकंड :
किनार सुटलेला, पट्टा वाकडा गेलेला, तेलाचा डाग.
श्रावंतीला पहिल्या आंघोळीनंतर ज्यात गुंडाळली
त्यावर कुठल्या तरी हॉटेलचं नाव उलटं विणलेलं होतं.
कार्ड मीच उलटं लावलं होतं.
दोन दिवसांचा पगार गेला, टॉवेल घरी आला.

बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा
बिनचूक टॉवेलनं अंग पुसलं.
पाणी काही टिपेना.
सॉफ्टनर जास्त झालाय, मी म्हणालो.
पुसा मुकाट्यानं, राजमणी म्हणाली.

दुपारी ती वाळूत बसायची, साडीचा काचा मारून.
किनाऱ्यावरच्या झाडाचं एक गोल, जाड पान पडलं होतं,
तिनं उचललं, शिरा चाचपल्या,
आणि बघता बघता वळलं.
तंबाखू नाही, दोरा नाही, नुसतं वळलं.
ओले टॉवेल गोळा करणारी मार्लीन थांबली.
तिनं आपली बोटं दाखवली, ब्लीचनं सोललेली.
राजमणीनं आपली दाखवली.
भाषा नव्हती, त्यामुळे बोलणं लवकर आटपलं,
पण दोघी बराच वेळ बसून राहिल्या
आणि मागून कुणी तरी मार्लीनला हाक मारली.

रात्री मला झोप नाही.
समुद्र मागासारखाच, पण ठोका चुकवणारा.
चुकला की मी उठून पाना शोधायचो.

आता एप्रिल. निळी पट्टी
राजमणीनं पानं कापायच्या कात्रीनंच कापली,
गॅसच्या पुस्तकात ठेवलीय.
आम्ही गच्चीवर झोपतो, फरशी तापलेलीच असते.
मध्यरात्री कधी लाइट जाते,
अख्ख्या पूर्व भागाचे माग एकदम थांबतात
आणि गच्चीगच्चीवर माणसं जागी होतात,
कुणी खोकतं, कुणी तांब्या शोधतं.
अंधारात राजमणी विचारते,
पाणी ओसरलं का हो?

झोप, मी म्हणतो.
उशाचा टॉवेल ओढून मानेचा घाम पुसतो.
उलटी अक्षरं आता विरलीत,
हाताला तेवढी लागतात.
हा टिपतो.