संवादकौशल्य : पाचपैकी

औलूत नोव्हेंबरात तीनलाच अंधार पडतो.
तिसरा उमेदवार त्याच सुमाराला आला,
एएली कार्पिनेन, वय बावीस,
बूट दाराशी काढून, नुसत्या मोज्यांत.

कोड त्याने अकरा मिनिटांत लिहिला.
चालला. पहिल्याच झटक्यात.
मी विचारलं, "हाच मार्ग का?"
तो स्क्रीनकडे बघत राहिला,
मग टेबलाच्या कडेकडे,
मग कुठेच नाही.

आमच्याकडे गप्प बसणं असभ्य नाही.
लिफ्टमध्ये, सौनात, सासूच्या पानावर
माणसं आरामात गप्प असतात.
ही शांतता तसली नव्हती.
आडात भरपूर होतं,
पोहराच वर येईना.

पेट्रीने रकान्यात दोन लिहिले.
त्याचं काही चुकलं नाही.
रात्री दोनला सर्व्हर कोसळतो
आणि हॉस्पिटलातली बाई फोनवर विचारते,
अजून किती वेळ?
तिला कोड दाखवून भागत नाही.

"कळवू," मी म्हटलं.
कळवू म्हणजे काय, ते कोणालाही कळतं.

कोट घालताना कॉरिडॉरमध्ये आवाज आला.
कॉफीचं मशीन सकाळपासून लाल दिवा लावून बसलेलं,
सफाईचं बघणारी होदान
त्याला दोनदा थापटून दमलेली.
आणि एएली, एका हातात बूट,
तिचं फिनिश अजून नवं, म्हणून सावकाश:
"पाणी आहे. पण त्याला वाटतंय, नाही.
आत एक तरंगता गोळा असतो, तो अडकलाय.
तुम्हीच सोडवा,
उद्या मी नसेन ना."
"गोळाच कशावरून?" तिने विचारलं.
त्याने सांगितलं.
टाकीवर बोट ठेवून, मधेच थांबून,
तिची मान हलेपर्यंत.

माझाच प्रश्न होता तो.
फक्त तिला उत्तर हवं होतं,
मला गुण द्यायचे होते.

मशीन गुरगुरलं. तो बूट घालून गेला.

फॉर्म पेट्रीने पाठवूनही टाकला होता.
मी गाडीत बसून नंबर लावला.
काय बोलायचं ते जुळेना,
एकोणीस वर्षं मुलाखती घेतेय, तरी.
"ते मशीन," मी खोटंच म्हटलं, "परत बंद पडलंय."

पलीकडे बराच वेळ काही नाही.
काचेवर बर्फ साचत होतं.
मग:
"दिवा लाल आहे, की पिवळा?"