ऐकू येतंय काय

खानापुरात स्टेशन रोडला माझं दुकान,
अर्धं मोबाईलचं, अर्धं घड्याळांच्या सेलचं.
बारा वाजता ती आली.
काजूबिया विकून मिळालेले पैसे पिशवीत,
पिशवी मुठीत,
मूठ पदराखाली.
"मोबाईल दे एक. मरणार नाही असला."

मी काचेखालचे काढून मांडले.
हा बघा आक्का, मोठा पडदा, मागं दोन कॅमेरे.
"फोटो कुणाचा काढू? म्हशीचा?"
हा पातळ, हप्त्यावर मिळतो.
तिनं तळहातावर तोलला. "पडला तर?"
मी गप्प.
तिसऱ्याला बटणं होती. ती जरा पुढं सरकली.
पाचावरचा उंचवटा अंगठ्यानं चाचपला.
"हां. ह्याला हात ओळखतोय."

मग तिनं विचारलं ते
कंपनीच्या माणसाला मी वीस वर्षांत विचारलं नव्हतं.
पावसात आठ दिवस लाईट नसली तर कितवा दिवस काढणार?
बॅटरीचा उजेड गोठ्यापर्यंत पोचतो काय?
चुलीवरच्या फळीला राहील, धुरानं आंधळा होईल?
बिघडला तर तू उघडणार, का बेळगावला धाडणार?

मीच उघडणार, म्हटलं. ह्याचे पार्ट मिळतात.
हे खरं होतं, म्हणून पटकन सांगता आलं.

"मग घेतो. पण बघून घेतो."
आमच्याकडं बाया 'घेतो'च म्हणतात.
पुण्याचा एक सेल्समन एकदा त्यावर हसला होता,
त्याला मी चहा सांगितला नाही.

जुनं सिम तिनं कुंकवाच्या डबीतून काढलं.
फुंकर मारून मी बसवलं, फोन जागा झाला
आणि त्यानं पहिलं विचारलं ते भाषेचं.
कुठली ठेवू आक्का? कानडी, मराठी?
"आकडे कुठल्यात असतात? ती ठेव."

तिनं माझाच नंबर लावला.
"ऐकू येतंय काय?"
समोरच आहे की मी.
"समोरचं बिनफोनचं बी येतंय,"
म्हणाली, आणि कानाला लावून चालू लागली.

"रस्ता ओलांडला. येतंय?"
येतंय.
"स्टँड आलं. येतंय?"
येतंय, पण आक्का, पैसे...
"गाडी लागली कणकुंबीची, चढतो.
नऊशे ठेवलेत बघ कॅलक्युलेटरखाली."
बघितलं. होते. चार घड्या घातलेले, बियांच्या तेलानं चिकट.
"बाकी रविवारी बाजाराला."

चन्नाप्पाचा पोरगा काच बसवायला आला,
मी खांदा वाकडा करून कानाशी फोन धरला
आणि काचेत तीन बुडबुडे ठेवले.
"मलप्रभा आली, पाणी नाही.
येतंय?"
येतंय.
"जांबोटी."
येतंय.
"आता झाडी लागली," आणि आवाज
चाळणीतून पडल्यासारखा यायला लागला.
"लेक वाळपईला दिलीया... नववा लागलाय...
घरात रेंज नाही... परड्यात फणसाखाली
गोव्याचा टॉवर... तिथनं लागला तर..."

गेला.

मी दोनदा हॅलो म्हटलं.
पोरगा बुडबुडे मोजत उभा होता, त्याला वीस रुपये कमी केले.
जेवायला घरी गेलो नाही.
गिऱ्हाईक असेल म्हणून, असं बायकोला सांगितलं.

दीडेक तासानं वाजला.
"फणसाखालनं बोलतो. येतंय काय?"
येतंय आक्का. स्वच्छ येतंय.
"मग ठेव की आता! लाईन मोकळी कर.
लेकीला लावतो."

मी ठेवला. वही काढली.
नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.
लिहिलं:
फणसाखालची आक्का,
बाकी साडेचारशे.