सेकंदाला बारा

दसकच्या घाटावर, पुलाच्या तिसऱ्या खांबापाशी
एक बगळा उभा असतो सकाळचा.
चार हिवाळे झाले, मी त्याच्या मागे आहे.
तो काही करत नाही.
माझ्या फिल्ममध्येही त्यानं एवढंच करायचंय,
अकरा सेकंद काही न करणं.

सोपं वाटलं होतं.
एक चित्र काढलं, अकरा सेकंद तेच ठेवलं.
पडद्यावर गोदावरी वाहत होती, धुणं आपटत होतं,
शेवंताबाईंची पिवळी बादली कलंडत होती,
आणि मधोमध बगळा, मेलेला.
उभा नव्हे, चिकटवलेला,
रंगाच्या दुकानाच्या पाटीवर असतो तसा.

मग कळलं,
स्थिर असणं एकदा काढून भागत नाही.
तीच चोच, तीच मान, वर नवा कागद,
काचेखालून ट्यूबलाइटचा उजेड,
आणि हात जेवढा चुकेल
तेवढाच त्याचा श्वास.

माझा हात चुकत नाही.
अण्णांनी एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
नाशिकरोडचा भोंगा, डबा, सायकल,
मग दिवसभर बोटांखालून सरसरत जाणारं
तेच जाळीकाम, तीच शाई.
एक रेघ केसभर सरकली की बोट थांबायचं.
सरकलेलं बाद. सारखं पुढे.
"डोळ्यांनी नाही गं, बोटांना दिसतं."

मीही अंगठ्याखालून कागद फरफर सोडते
आणि सरकलेलंच शोधते.
सारखं निघालं की टोपलीत.

"सेकंदाला बारा चित्रं?" एकदा त्यांनी विचारलं.
"आणि दोन चित्रांच्या मधलं?"
"मधलं नसतंच. बघणारा भरतो."
ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
"म्हणजे नाव तुझं, ओव्हरटाइम त्याचा."

गेल्या दिवाळीपासून त्यांचा उजवा हात थरथरतो.
चहा कपात कमी, बशीत जास्त.
शर्टाची बटणं ते दाराआड लावतात.
भालेराव आले की हात मांडीखाली.

परवा रात्री थंडी सात अंशांवर आली.
झोप त्यांना नव्हती, मला नव्हती.
मी पेन्सिल पुढे केली.
"बगळा गिरवाल?"
"खराब होईल."
"होऊ द्या."

काचेच्या उजेडात त्यांची हनुवटी खालून उजळली.
मान काढताना रेघ लटपटली, परत आली,
पायाशी पाण्यात उतरून कुठल्या कुठे गेली.
"हा बाद," ते म्हणाले.
पुढचा कागद. "हाही बाद."
आठ झाले तेव्हा दोन वाजले होते.
प्रत्येकावर स्वतःच्या हातानं त्यांनी
कोपऱ्यात बारीक फुली मारली होती.

मी ते ओळीनं लावले आणि सोडले.

मानेवरून वारा गेला.
एक पीस उठलं, बसलं.
पायाखालचं पाणी त्याला ओळखत होतं.
बगळा जागचा हलला नाही.

अण्णा खुर्चीत पुढे सरकले.
"पुन्हा लाव."
लावलं.
"पुन्हा."
"किती वेळ झाला हा?"
"सेकंदसुद्धा नाही. पाऊणच्या आत."
"मी दोन तास बसलो होतो."
"हो."
"अजून किती लागतील?"
"एकशे चोवीस."

त्यांनी कोऱ्या कागदांची चळत ओढली,
बोट ओलं केलं,
आणि तो हात, जो चमचा धरत नाही,
कडांवरून सरसरत गेला, अडखळत, तरी न थांबता.

"एकशे तेवीस आहेत," ते म्हणाले. "एक कमी."

मी वाकून टेबलाखाली बघितलं.