उसना कॅल्क्युलेटर

ऑक्टोबरपर्यंत ग्रात्स्यान भांडायचा,
फळ्यावरच्या माझ्या चुकलेल्या उणे चिन्हावरून,
खिडकी उघडी ठेवण्यावरूनसुद्धा.
मग गप्प झाला.
गुण पैकीच्या पैकी,
म्हणून मीही निर्धास्त.
वूजच्या ट्रामसारख्या वह्या वेळेवर येत राहिल्या.

आज त्याने कॅल्क्युलेटर परत केला.
वर्षभर उसना; मी कधी मागितला नव्हता.
पुसलेला, नवा सेल घातलेला.
"आता लागणार नाही, मॅडम."

तेव्हा आठवलं:
छत्री इरेनेउशला दिली म्हणे,
सायकल खालच्या मजल्यावरच्या कुणाला.
सगळे हिशेब चुकते करणाऱ्या पोराची
मला भीती वाटते.

कोट न घालताच धावले.
बाहेरच्या पायरीवर गाठून
सरळ विचारलं,
"जीव द्यायचं मनात आहे का?"
जीभ जड झाली होती माझी.
तो कठड्यावरचा बर्फ नखाने खरवडत राहिला.
"हो," म्हणाला.
बऱ्याच वेळाने.

समुपदेशक चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.
माझ्या गुडघ्यांमुळे
तो प्रत्येक मजल्यावर माझ्यासाठी थांबला.
मी बाकावर बसून राहिले,
मांडीवर वह्या, एकही न उघडता.

तो बाहेर आला तेव्हा अंधारलं होतं.
कॅल्क्युलेटर त्याच्या खिशात कोंबला.
"सोमवारी घेऊन ये," म्हटलं,
"फळ्यावर माझं चुकणार आहे."