खूर

अफिंग्टनच्या टेकडीवर आज तीसेक माणसं
गुडघ्यांवर बसून घोडा ठोकतायत.
हातोडी, बादली, बादलीत पांढऱ्या खडूचा चुरा.
माझ्या वाट्याला मानेचा तुकडा आलाय:
दोन हात रुंद, इकडे गवत, तिकडे गवत.
घोडा कुठाय, विचारलं तर टकवेल आजोबा हसले,
"इथून कुणालाच दिसत नाही.
पलीकडच्या शेतातून थोडा. घारीला पुरता."

तीन हजार वर्षं, म्हणे, कुणी ना कुणी
असंच वाकत आलंय,
नाहीतर गवतानं कधीच गिळला असता.

"पण घोडाच कशावरून?" शेजारची पोर्शा कुरकुरते.
"चोच आहे त्याला. मांजर असेल."

आमच्या सड्यावरही एक होतं.
राजापूरच्या वरच्या अंगाला, जांभ्यात खोदलेलं,
पोटाशी पाय, पाठीपेक्षा लांब शेपूट.
गुरं त्याच्या अंगावरून चरायला जायची,
रेषांत पाणी तुंबलं की बेडकांची पिल्लं वळवळायची
आणि थोडे दिवस ते हललंसं वाटायचं.
नाव नव्हतं. वय कुणी विचारलं नव्हतं.

बापू चिरेखाणीवर होता.
यंत्राचं पातं सरळ जातं, त्याला वळण कळत नाही.
मागचा अर्धा भाग निघाला चौकोनी, सुबक,
आणि लांज्याच्या कुणा मास्तरांच्या जोत्यात बसला.
"कायतरी जनावर व्हता," बापू फोनवर सांगतो,
"दगड मात्र झकास लागला."
त्याला मी या घोड्याबद्दल सांगितलं
तेव्हा त्यानं एवढंच विचारलं:
रोज किती देतात?
काहीच नाही म्हटल्यावर बराच वेळ गप्प होता.

दुपारी सँडविच खाताना खाली पायांकडे पाहिलं.
दोन पाय अंगाला जोडलेले, दोन सुटे,
नुसत्या बारीक होत गेलेल्या रेषा.
खूर नाहीत.

आई चातुर्मासात उंबऱ्याशी गोपद्मं काढायची,
रोज तेहतीस, रांगोळीच्या चिमटीनं.
फक्त खूर. गाय नाही.
मी लहानपणी हटून बसले होते, गाय काढ म्हणून.
ती म्हणाली, येऊन गेली, तू झोपली होतीस.

बादलीच्या झाकणावर मी खडूची चिमूट सोडली.
बोटांना अजून येतं ते,
दोन पाकळ्या, मध्ये फट.
चार काढली. पाचवं वाकडं गेलं.

टकवेलनी चष्मा कपाळावर चढवला.
"हे कोणतं जनावर?"
म्हटलं, येऊन गेलं.

ते काही बोलले नाहीत.
वारा आडवा सुटला होता, टेकडी तीव्र उताराची,
आणि त्यांचा डावा गुडघा बदललेला.
तरी संध्याकाळी उतरताना
ती बादली त्यांनी दोन्ही हातांनी धरली,
झाकणावर आपली टोपी ओणवी घालून,
जराही कलू न देता.